अनिकेतच्या वहीतले दोन रकाने

ही गोष्ट सांगितली तर कोणी खरी मानणार नाही; बुऱ्हाणपुरात तर मुळीच नाही. पण भूमिका त्या दिवशी एवढी भडकली होती, की खालच्या बोळात उभ्या ट्रकमधली हिरवी केळी तासाभरात पिवळी झाली. ड्रायव्हर अजून शपथेवर सांगतो.

भूमिका इंग्रजी शिकवायची. पॉवरलूमच्या कारखान्यावर माडी. खाली मागांची खटखट, वर बारा बाकं. त्या दिवसाच्या तीन महिने आधी तापीपलीकडच्या जैनाबादचा केळीवाला अनिकेत चुकून तो जिना चढला. त्याला जायचं होतं शेजारी, पंपाच्या दुकानात. पण दारात पाऊल पडताच ती म्हणाली, "उशीर झालाय, बसा," आणि तो बसला. दुसऱ्या दिवशी मात्र न चुकता आला... थेट पहिल्या बाकावर.

एका शुक्रवारी तिने 'वे अप' शिकवलं. "दोन वाटा समोर आल्या, की जी दिसली ती धरायची नाही. दोन्हींचं बरं-वाईट शेजारी शेजारी मांडायचं, मग ठरवायचं. ते मांडून बघणं म्हणजे वे अप. भाजी जोखताना हे 'अप' लावू नका हं! नोकरी निवडताना लावा, कॉलेज निवडताना लावा. उद्या प्रत्येकाने आपल्या घरातला खराखुरा निर्णय दोन रकान्यांत मांडून आणायचा."

शनिवारी तिने अनिकेतची वही उघडली. वर झोकात लिहिलं होतं— 'आय ॲम वेइंग अप टू गर्ल्स.' डाव्या रकान्यात जळगावची मुलगी, बँकेत नोकरीला. उजव्या रकान्यात— 'मॅडम'.

आणि खाली? खाली तेच, जे तो बागेतला माल दाखवताना व्यापाऱ्याला लिहून देतो. 'रंग— चांगला. उंची— मध्यम. डाग— नाही. लांबच्या प्रवासात टिकेल का— टिकेल. स्वभाव— तिखट, जपून हाताळावे.'

वर्ग सुटेपर्यंत भूमिकाने दम धरला... कसा धरला, तिचं तिला ठाऊक. मग वही त्याच्या पुढ्यात आपटली.

"मी केळीचा घड आहे?"

"नाही मॅडम..."

"प्रवासात टिकेल म्हणे! कुठे पाठवताय मला, दिल्लीला?"

"मॅडम, तुम्हीच बोलले ना, सच्ची बात लिहा. उद्या जळगावला सुपारी फुटणार आहे. मामा बोलले, हो की नाही, जवाब दे. तर मी सोचलं—"

"तुम्ही सोचलं! तिला विचारलं? मला विचारलं? दोन जित्या पोरी वहीत आणून उभ्या केल्या, आणि साहेब निवडणार! तुमचा रकाना कुठाय?"

अनिकेत गोरामोरा झाला. "माझा... नाही केला."

"का?"

"डर लागला. तो भरला असता तर... तुम्ही नाही म्हणाल."

तेवढ्यात वीज गेली. खालचे माग थांबले, आणि त्या अचानक शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्याचाही. तो वहीकडे बघत नव्हता... तिच्याकडे बघत होता. तिने घाईघाईने लाल पेन उचललं, 'इंग्रजी बरोबर, वागणं चूक' असा शेरा मारला आणि म्हणाली, "जा! फोडा सुपारी!"

घरी जाऊन कणीक तिंबायला घेतली तरी राग उतरेना. "त्या कणकेने काय घोडं मारलंय तुझं?" आई म्हणाली. हात धुऊन भूमिका कागद घेऊन बसली आणि अनिकेतचे दोन रकाने आखले. 'विरुद्ध'चा रकाना भराभर भरला— मठ्ठ, आगाऊ, माणसांचा माल करतो... पान संपलं. 'बाजूने'च्या रकान्यात खूप वेळाने एकच ओळ उतरली— 'पहिल्या दिवशी चुकून आला. नंतर एकदाही चुकून नाही.'

एका ओळीने अख्खं पान हरवलं, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

इकडे रविवारी सकाळी अनिकेतने जळगावच्या मुलीला स्वतः फोन लावून माफी मागितली आणि मामाला सांगितलं, सुपारी नको. मामाने मोटरसायकलची किल्ली काढून घेतली. आता भूमिकाकडे जावं कसं? तापीला तर हा पूर! झाडं वाहतायत, म्हशी वाहतायत. गड्याने वही दातांत धरली आणि घेतली उडी. मधोमध मगर आडवी आली. तिला तो 'एक्सक्यूज मी' म्हणाला, तिने अदबीने वाट दिली. पलीकडच्या काठावर भूमिका ओढणी डोळ्यांना लावून, हुंदके देत उभी—

"खोटं! साफ खोटं, सुकलालबाबा!"

ओट्यावर गोष्ट रंगवत बसलेल्या बाबांपुढे चहाचा ट्रे आदळत, अनिकेतच्या त्याच जैनाबादच्या घरची सून झालेली भूमिका म्हणाली. "माघात कुठला पूर आणलात? घोटाभर पाणी होतं नदीला! मीच स्कूटी काढून पुलावरून इथे आले, याच ओट्यावर, मामांच्या देखत विचारलं— 'तुमचा रकाना मी भरलाय, मागे बसताय का?' आणि हुंदके कोण देत होतं, तेही सांगा की! आत भजी तळतोय, विचारा त्यालाच!"