सातवा प्रश्न

"हा सातवा प्रश्न कुणी काढलाय हो? घाम फोडलाय आम्हाला!"

समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर तो माझ्याशेजारी बसला होता. मांडीवर व्यापार खात्याची फाइल, खिशावर शाईचा डाग.

"मी काढलाय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि कानांपर्यंत लाल झाला. मला भारी मजा वाटली.

संसदेच्या समितीने खात्यांना काय विचारायचं, ते प्रश्न मी तयार करते. सातवा साधाच होता – परदेशी सुतावरचा कर उठवण्याआधी छोट्या विणकरांचं म्हणणं ऐकलं होतं का? खात्याने लिहून दिलं होतं, 'होय.'

"कोणत्या तारखेला?" आत अध्यक्षबाईंनी विचारलं. मी त्यांच्या मागेच बसले होते. खात्याच्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उठला, क्षणभर थांबला.

"विणकरांना बैठकीचं पत्र मिळालं तेव्हा ती होऊन गेली होती. उशीर माझ्याकडूनच झाला. त्यांचं कुणीच ऐकलेलं नाही."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि माझा ऊर – का कोण जाणे – अभिमानाने भरून आला. कोण लागत होता तो माझा?

आमच्याकडे साक्षीचा शब्दन् शब्द टाइप करून साक्षीदाराकडे दुरुस्तीला पाठवतात. मुदत तीन दिवस. टायपिंगच्या चुका सुधारायची ही सोय, पण बरेचजण बोललेलंच गिळून टाकतात. त्याने नुसतं 'बहुधा' घातलं असतं, तरी विणकरांची बाजू तिथेच संपली असती. साहेब हात धुऊन मागे लागले असणार! तीन दिवस माझं कशातच लक्ष लागेना.

तिसऱ्या दुपारी तो स्वतःच आला. प्रतीवर एकही खाडाखोड नव्हती.

"समिती विणकरांना बोलावतेय," मी सांगितलं. "पण तुमची बदली होईल हो..."

"झालीसुद्धा. सोमवारपासून बंदरावरच्या ऑफिसात." तो हसला. "एक दुरुस्ती मात्र राहिलीय."

त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. 'साक्षीदार क्षणभर अडखळले.'

"अडखळलो नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो... म्हटलं, हिच्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन हिला पुन्हा तोंड कसं दाखवायचं?"

"ही दुरुस्ती समितीला मान्य होणार नाही." मी प्रतीत डोकं खुपसून म्हटलं.

"आणि तुम्हाला?"

"मला... आहे. आईला ताठ मानेने सांगीन, खरं बोलून बदली ओढवून घेणारा जावई आणलाय म्हणून!"

जावई? मी जीभ चावली. तो मात्र पुन्हा कानांपर्यंत लाल झाला होता.