जावळाची गरी

शनिवारी दुपारी कचेरीतून आले की त्र्यंबकराव पडवीत चटई टाकून आपली काठी जोडायला बसत. बांबूच्या चिपा चिकटवून केलेली तीन तुकड्यांची विलायती काठी, पितळी रीळ, रेशमी दोरी, आणि पत्र्याच्या डब्यात तऱ्हेतऱ्हेच्या गऱ्या. विमला आतल्या दारात उभी राहून बघत असे. दीड वर्षाची चिमा तिच्या कडेवरच असे, कारण तो डबा उघडा असताना पोरीला खाली सोडायची विमलेची छाती नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे ते आकडे नको तिथे रुतलेले दिसत. बोटात. ओठात.

"अगं, माझं लक्ष आहे," ते म्हणत, आणि डब्यातून मान वर काढत नसत.

घर राजिवड्याच्या वरच्या अंगाला होतं. जांभ्याच्या पायऱ्या उतरलं की भाट्याची खाडी. पडवीतून खाडीचं तोंड दिसे, पलीकडचे माड दिसत, आणि अलीकडे तो काळा खडक, ज्यावर त्र्यंबकराव उभे राहत. खाली राजिवड्यात सगळे पोटासाठी जाळी टाकत. छंद म्हणून काठीनं गरवणारा हा एकच गृहस्थ, आणि त्याला जिताड्याशिवाय दुसरा मासा चालत नसे.

"बाकीचे नुसते अडकतात. जिताडा लढतो."

कसा लढतो, हे विमलेनं लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. ओहोटी लागली की पाणी खडकाला वळसा घालतं. त्या वळशाच्या आडोशाला जिताडा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. आमिष वरच्या अंगाला फेकायचं, पाण्याबरोबर येऊ द्यायचं, मधूनच मनगटानं हलका झटका. मासा उसळला की काठीचं टोक झुकवायचं, नाहीतर गालाच्या धारेनं तो दोरी कापून जातो. एवढी सगळी विद्या, आणि पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत हाताशी लागत दोन-तीन मासे.

चिमाचं जावळ काढलं आणि हे बदललं.

जावळाच्या दिवशी चिमाच्या आत्यानं केस पदरात झेलले, कणकेच्या गोळ्यात भरले आणि भावाच्या हातात दिले. "वाहत्या पाण्यात सोड हं, दादा. विसरशील."

"खाडीवरच तर चाललोय," त्र्यंबकराव म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते हातभर लांबीचा जिताडा घेऊन आले. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. मग रिकाम्या हातानं येणं बंदच झालं. मासे कापायला राजिवड्याची ताजबी येई. तोंडानं फटकळ, हातानं चलाख.

"साहेब आमचा धंदा बसवतायत, वैनी. आता आमी काय कचेरीत जाऊन बसायचं?"

विमला हसली. ताजबीनं विळीवर मासा फाडला आणि तिचे हात थांबले.

"ह्याचंपण पोट रिकामं."

"म्हणजे?"

"आजपातूर कापले ते सगले असेच. आतडीत एक कोलंबी नाय. आनि सगल्या माद्या. ही बघा, अंड्यांची गाबोळी ठासून भरलीय." तिनं बोटानं माशाचा जबडा उघडून आत पाहिलं. "आनि गरीची जखम कुटंय? वैनी, साहेब ह्यांना धरतात तरी कसं?"

संध्याकाळी विमलेनं तेच विचारलं. त्र्यंबकराव खुशीत होते. "गंमतच आहे बघ. गरी रुततच नाही. तो नुसती ओठांत धरतो आणि सोडत नाही. अलगद येतो."

"मग लढतो कुठे?"

त्यांनी रिळाला तेल घालायला घेतलं.

विमलेनं त्या रात्री मासा पानात वाढून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा वरच्या फळीवर ठेवायला घेतला, तर झाकण निसटलं. आमिषाचे पितळी चमचे, कोंबड्याच्या पिसांच्या गऱ्या, आणि मधोमध एक नवी. लाल रेशमानं आवळून बांधलेला झुपका, उन्हात तांबूस, टोकांना वळलेला. हे केस तिनं रोज तेल घालून चोळले होते. ओळखायला तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"हे काय आहे?"

त्र्यंबकरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमिष. साहेबलोक हरणाच्या शेपटीचे केस बांधतात. हे त्याहून मऊ. पाण्यात असं हलतं म्हणून सांगू!"

"हे चिमाचं जावळ आहे."

"सगळं नाही गं. चिमूटभर ठेवलं. बाकीचं सोडलं."

"वन्संना काय सांगितलंत तुम्ही?"

"पाण्यात सोडलं म्हणून. खोटं आहे का? उलट दर शनिवारी सोडतो." स्वतःच्या विनोदावर ते हसले.

विमलेची कानशिलं तापली. "मुलीचे केस लोखंडाला बांधून माशांपुढे नाचवता, आणि हसता?"

"केस म्हणजे मेलेली वस्तू, विमल. नखासारखी. कॉलेजात हेच शिकलीस ना?"

हेच शिकली होती. त्याचाच तिला जास्त राग आला. ती नुसती म्हणाली, "मला ते परत हवंय."

"देतो." त्यांनी तिच्या हातातली गरी काढून घेतली. "त्या वळशात एक धूड आहे. मी पाठ पाहिली आहे त्याची. तेवढं एक काढू दे, मग तुझं तुला."

त्या शनिवारी विमला चिमाला घेऊन मुद्दाम पडवीत बसली. चिमा लाकडी पळीनं पाट बडवत होती. खाली खडकावर त्र्यंबकरावांनी काठी मागे नेली आणि दोरी फेकली.

पळी थांबली.

चिमानं मान वळवली. हळूहळू, डावीकडून उजवीकडे, जसं आमिष वाहत येत असेल तशी. खडकावर त्र्यंबकरावांचं मनगट हललं. चिमाचं डोकं हललं.

विमलेनं तिला छातीशी घट्ट धरलं. लांबवर पाणी फुटलं, काठी वाकली, आणि चिमाची मान पुढे ओढली गेली. पोरगी रडली नाही. ओठ किंचित उघडे होते, चेहरा झोपेत दूध पिताना असतो तसा निवांत. तिच्या तुळतुळीत डोक्यावरून विमलेनं हात फिरवला. जावळ काढून दोन महिने होत आले होते. एक खुंटसुद्धा उगवला नव्हता.

"योगायोग," रात्री त्र्यंबकराव म्हणाले. "तू दिवसभर धसका घेऊन बसतेस, तो पोरीत उतरतो. डॉक्टरला दाखव हवं तर. तिला नाही, तुला."

सोमवारी ते कचेरीत गेल्यावर तिनं डबा धुंडाळला. ती गरी त्यात नव्हती. कोटाच्या खिशात घालून नेली होती. आपल्याला चोर ठरवून हा माणूस पोरीचे केस खिशात घेऊन हिंडतो आहे, या विचारानं तिच्या हातातली वाटी जमिनीवर आपटली गेली.

पुढच्या शनिवारी उधाणाची ओहोटी होती. पाणी खडकाला घासून आवाज करत निघालं होतं. पडवीत चिमाची मान ताठ झाली, आणि या वेळी ती उठलीच. दोन्ही हात पुढे करून पायऱ्यांकडे चालू लागली. विमलेनं तिला उचललं. कडेवर पोर जड झाली होती, भिजलेल्या गोणत्यासारखी, आणि तो भार खाली नव्हता, पुढे होता.

मग विमला थांबली नाही. अनवाणी जांभ्याच्या पायऱ्या उतरली, चिखल तुडवला, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवे कापले तरी खडकावर चढली.

त्र्यंबकरावांची काठी कमानीसारखी वाकली होती. "आलं!" त्यांनी न वळता ओरडून सांगितलं. "ते धूड आलं!"

"दोरी सोडा."

"वेड लागलंय? पोरीला घेऊन मागे हो!"

पाण्यात वळशामागे काहीतरी रुंद, चंदेरी, अगदी स्थिर उभं होतं. उसळत नव्हतं. दोरी ताणत होतं फक्त, सावकाश, समजूत घातल्यासारखं.

चिमा कडेवरून त्याच बाजूला निसटत होती. विमलेची बोटं सुटू लागली.

"अहो, ती मादी ओढतेय हिला!"

"पोरीची मान सरळ धर आणि गप्प राहा! माझी दोरी..."

*माझी दोरी.* त्याक्षणी विमलेला भीती वाटायची थांबली. एवढा स्वच्छ राग तिला आयुष्यात आला नव्हता. त्यांच्या पायाशी टोपलीत मासे साफ करायची सुरी होती. ती तिनं उचलली.

"विमल!"

दोरी तुटल्याचा आवाजही झाला नाही. त्र्यंबकराव मागे कोलमडले. चंदेरी पाठ एकदा वळली आणि गढूळ पाण्यात गेली.

कडेवर चिमा हलकी झाली. तिनं आईकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं, इतर कुठल्याही पोरासारखं, नाक गाळत. विमलेनं खडकावरच बसून तिचे पटापट मुके घेतले.

"जन्मात असा मासा दिसायचा नाही पुन्हा," त्र्यंबकराव म्हणाले.

"नकोच दिसायला. आणि काठी घरात आणलीत तर चुलीत घालीन."

त्यांनी काठी एका मित्राला देऊन टाकली. नवराबायकोत बरेच दिवस कामापुरतं बोलणं राहिलं, पण विमलेला त्याचं वाईट वाटलं नाही. चिमाच्या डोक्यावर लव आली. ती जेवू लागली, पाट बडवू लागली, ताजबीच्या ओढणीला लोंबकळू लागली. "आता पोर पोरासारकी दिसते," ताजबी म्हणाली.

मग एका दुपारी विमला पडवीत तांदूळ निवडत होती. ओहोटी बरीच उतरली होती, खडकाजवळचं पाणी उथळ आणि नितळ होतं, तळ दिसण्याइतकं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. तिनं सहज खाली पाहिलं.

जिताडे होते. मोठाले, अंगाला अंग लावून, खडकापासून पार काठाच्या चिखलापर्यंत. पाणी त्यांच्या कुशींवर आदळून वाहत होतं, कारण प्रवाहाकडे एकाचंही तोंड नव्हतं. सगळे घराकडे तोंड करून उभे होते.

विमलेनं सूप बाजूला केलं आणि अगदी हळू आवाजात चिमाला हाक मारली.

चिमा पडवीच्या कठड्याशी उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. गजांतून दोन्ही हात बाहेर काढून, खाली पाण्याकडे बघत, ती लाडात येऊन म्हणाली,

"आई."