नोमिनचा तास

कोलकात्याच्या बेहाल्यात दुपारी सगळी गल्ली झोपते. कोपऱ्यावरचा मिठाईवालासुद्धा शटर अर्धं ओढून पंख्याखाली आडवा होतो. मी मात्र नेमकी त्याच वेळी, वर चांगला कुर्ता आणि खाली घरातला पायजमा अशा वेषात लॅपटॉपसमोर बसायचे आणि मंगोलियातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. माझ्या नवऱ्याची, उन्मेषची, बँकेने बदली केली म्हणून आम्ही नाशिक सोडून इथे आलो होतो. नव्या शहरात माझ्याकडे वेळच वेळ होता.

काम तसं विनोदीच. तिकडच्या मुलांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, आणि कंपनीचा नियम असा की तासात इंग्रजीखेरीज एक शब्द बोलायचा नाही. मग उरतात हातवारे, चित्रांची कार्डं आणि गाल दुखेपर्यंत हसणं. कावळ्याचं कार्ड धरायचं, ‘क्रो’ म्हणायचं, कानामागे हात नेऊन थांबायचं, आणि मूल बोललं की टाळ्या वाजवायच्या. उन्मेष म्हणायचा, “माझ्याशी एवढं हसून कधी बोलतेस गं?”

त्या मुलांमध्ये नोमिन माझी लाडकी. पाच वर्षांची, माझ्या लेकीएवढीच, कादंबरीएवढीच. उलानबातरमध्ये एका उंच इमारतीत राहायची. तिच्या मागची खिडकी बर्फाने पांढरी झालेली असायची. आई कामावरून यायची वेळ झाली की ती तास सोडून उठायची, नखाने काच खरवडायची आणि त्या भोकातून खाली रस्त्याकडे बघत राहायची. मधेच कुणाचे तरी म्हातारे हात तिच्यासमोर वाफाळता वाडगा ठेवून जायचे. “मिल्क. सॉल्ट. यम्मी,” तिने एकदा सांगितलं. दुधात मीठ! माझा चेहरा बघून ती खो खो हसली.

आमची कादंबरी म्हणजे अखंड बडबड. शाळेत इंग्रजी, खाली घरमालकिणीकडे बंगाली, भाजीवाल्याशी हिंदी, आणि घरात फक्त मराठी, हा माझा कायदा. इथे वाढलेली काही मराठी मुलं आईला ‘मेरेको भूक लागली’ म्हणतात, ते ऐकून माझं डोकं फिरायचं. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. झोपताना तिला माझ्या कानाची पाळी चिमटीत लागायची. “आई, कान दे,” म्हणायची, आणि पाळी कुरवाळता कुरवाळता झोपून जायची. माझा तास चालू असताना ती टेबलाखाली चटईवर चित्रं रंगवत बसायची. आवाज करायचा नाही, एवढीच अट होती.

सरस्वती पूजेला घरमालकीण काकीमांनी कादंबरीची ‘हातेखोडी’ करायची ठरवली. पुरोहित मुलाचा हात धरून पाटीवर पहिली अक्षरं काढून घेतात, आणि तिथून विद्या सुरू झाली असं इथे मानतात. पोरगी शाळेत जातेच आहे, असं मी म्हणून पाहिलं. पण काकीमा ऐकतात होय! नेमका त्याच सकाळी नोमिनचा सुट्टीचा जादा तास होता. मुलांना आपलं शहर दाखवा, असं कंपनी सांगायचीच. मी नोमिनला फोनवरून ट्राम दाखवली होती, गंगेवरची होडी दाखवली होती, फुलबाजारातले झेंडूचे ढीग दाखवले होते. मग पूजा का नको? पाटीसमोरच्या फळांच्या परडीला टेकवून मी फोन उभा केला.

पुरोहितांनी कादंबरीची मूठ धरली आणि माझ्या हट्टाखातर पाटीवर मराठीत ‘आई’ काढून घेतलं. “अब बोलो,” ते म्हणाले. भरल्या मंडपात कादंबरी लाजली. मी सवयीने कानामागे हात नेला आणि म्हटलं, “रिपीट आफ्टर मी. आई.”

“आई.”

आवाज एकच आला. बोलल्या मात्र दोघी होत्या. फोनवर नोमिनचे ओठ हललेले मी पाहिले. पुरोहितांनी मान वर करून फोनकडे पाहिलं. “हम तो एक ही का हाथ पकडा था,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं, आणि काकीमा मला खिचडी वाढायला घेऊन गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी कादंबरीने दुधात मीठ मागितलं. मी उन्मेषला सांगितलेलं ऐकलं असणार, म्हणून मला हसू आलं. गंमत म्हणून चिमूटभर घातलं. वाटलं, एक घोट घेऊन थुंकेल. तिने पेला दोन्ही हातांनी वाडग्यासारखा धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

मग तिला थंडी वाजायला लागली. कोलकात्यात फेब्रुवारी संपता संपता पंखे सुरू होतात. ही मात्र स्वेटर काढू देईना. अंगात ताप नव्हता. बोटं मात्र फ्रिजमधून काढलेल्या भेंड्यांसारखी गार. बडबड कमी कमी होत गेली आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून घरात फक्त माझाच आवाज आहे. डॉक्टर म्हणाले, “इतक्या भाषा कानावर पडतात, मुलं गोंधळतात. थोडे दिवस गप्प राहतात आणि मग एकदम बोलू लागतात.” मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचंच होतं.

त्याच आठवड्यात मी नोमिनसमोर कावळ्याचं कार्ड धरलं.

“काऊ,” ती म्हणाली.

मी हसू तसंच ठेवून पुन्हा “क्रो” म्हटलं. तिने मान हलवली. चंद्राचं कार्ड धरलं, तर म्हणाली, “चांदोबा.” कादंबरी तासात तोंडातून अक्षर काढत नसे. तरी कधीतरी हिच्या कानावर पडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या दिवशी टाळ्या वाजवायला विसरले.

संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर खरोखरचा कावळा येऊन बसला. मी कादंबरीला उचलून घेतलं. “कोण आलं गं?”

तिने बराच वेळ कावळ्याकडे पाहिलं. मग स्पष्ट, शहाण्या विद्यार्थिनीसारखं उत्तर दिलं, “क्रो.”

रात्री झोपवताना मीच कान पुढे केला. तिने पाळीला थंडगार बोट लावलं. कार्ड दाखवल्यावर म्हणतात तसं म्हणाली, “इअर.” आणि हात मागे घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिच्या पाठीशी पडून रडले. माझी पोर माझ्या कुशीत होती आणि मला तिची आठवण येत होती.

“बंद कर ते तास,” उन्मेष म्हणाला. “उद्याच कळव त्यांना.”

मलाही तेच हवं होतं. पण कंपनी मुलांचे फोन नंबर देत नाही, पत्ते देत नाही. तास बंद केला, की त्या पांढऱ्या खिडकीपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता नव्हता. हे मनात का येतंय, ते मी उन्मेषला सांगितलं नाही. एक शेवटचा तास घेते, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. कादंबरी टेबलाखाली बसली होती. मी कॉल लावला, तर समोर नोमिन नव्हती. एक बाई होती. माझ्याच वयाची, डोळे सुजलेले. नोमिनची आई मी पहिल्यांदाच पाहत होते.

“टीचर,” ती म्हणाली. शब्द शोधत शोधत बोलत होती. “नोमिन नो टॉक मी. नाइट, क्राय. ऑल नाइट, वन वर्ड.”

“व्हॉट वर्ड?” मी विचारलं.

तिने ओठ जुळवून पाहिले. तिला तो शब्द जमत नव्हता, किंवा उच्चारायचा नव्हता.

“फिनिश,” ती म्हणाली. “प्लीज. माय डॉटर. फिनिश.”

तेवढ्यात तिच्या कोपराखालून नोमिन पुढे घुसली. केस विस्कटलेले, गाल ओले. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. हात वर केला, आणि अंगठा आणि बोट यांची चिमूट करून माझ्या चेहऱ्याच्या बाजूला नेली.

“आई, कान दे.”

मी नियम विसरले. “कादंबरी?” मी म्हटलं.

“आई, कान दे ना. इथे खूप थंडी आहे.”

मी हेडफोन काढून फेकला. मान वाकवली आणि कान पडद्याला लावला.

काच बर्फासारखी गार होती.

पाळीला काहीतरी लागलं. मऊ, ओळखीचं.

मग तिकडच्या आईने लॅपटॉप मिटला असावा. पडदा काळा झाला.

मी पुन्हा कॉल लावला. पुन्हा लावला. नोमिनचं नाव आधी फिकट झालं आणि मग पानावर दिसेनासंच झालं.

टेबलाखाली चटई सरकली. कादंबरी बाहेर आली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिने पाहिलं आणि गोड, अनोळखी हसली.

मग मी शिकवते तसे दोन्ही तळवे हलवून म्हणाली, “थँक यू, टीचर.”

खुर्चीवरून उतरून ती खिडकीशी गेली. बाहेर मार्चचं ऊन होतं, डायमंड हार्बर रोडवर मेट्रोच्या खांबांखालून बस जात होत्या. स्वच्छ, पारदर्शक काच ती नखाने खरवडत राहिली. मग तिथे डोळा लावून खाली रस्त्याकडे, कुणाची तरी वाट बघू लागली.

मी तिला जवळ घेतलं. तिच्या नखांत काहीतरी पांढरं अडकलं होतं. खडू असेल, म्हणून मी पदराने पुसायला गेले, पण अंगावर कुर्ता होता. मग अंगठ्यानेच पुसलं.

ते माझ्या अंगठ्यावर विरघळलं.