मेंदीचा डाग

न फोडलेल्या पाकिटातल्या कोऱ्या सिरिंजच्या दट्ट्यावर केशरी डाग होता.

नवाराने दुकानातून नुकतंच आणलेलं ते पाकीट खिडकीशी धरलं. नाईलच्या कालव्याकाठच्या तिच्या गावात चार बायकांना कावीळ झाली होती. गावाला इंजेक्शनं देणारी तिची मावशी कौसर. ती एकच सुई सगळ्यांना टोचते, असा बोभाटा झाला होता. मुखिया उद्या तिला दवाखान्यातून काढणार होता. शहरात नर्सिंग शिकणारी नवारा धावत आली होती. खरं सांगायचं तर संशय तिलाही होता.

"मावशी, सुया कुणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या. सबरीच्या औषधाच्या दुकानातून आणतात. पाकीट त्यांच्यासमोर फोडते."

"वापरून झाल्यावर?"

"त्याच्याच दुकानातल्या पिवळ्या डब्यात टाकतात. जाळायला तोच पाठवतो, बिचारा."

"बिचारा? बोभाटा कुणी केला?"

मावशीने हात झटकला. तिची बोटं केशरी होती.

"तू आणि मेंदी?"

"सलमाच्या लग्नाची. तुझे काका गेल्यापासून मी लावत नव्हते, पोरीने जबरदस्तीने फासली. तेवढ्यात तिच्या आजीचं इंजेक्शन आलं. तशाच ओल्या हाताने दिलं. सिरिंज सलमाच्या बापाने डब्यात टाकली."

सकाळी नवारा मुखियाला घेऊन सबरीच्या दुकानात गेली. औषधवाल्यालाही गावात डॉक्टरच म्हणत.

"डॉक्टर, हे पाकीट काल तुमच्याकडूनच घेतलं ना?"

"हो. सीलबंद, कोरं."

"आणि डब्यातल्या सुया?"

"शहरात, भट्टीत. मी हातही लावत नाही."

"मग आत मेंदी कुणाची?"

सबरीने घाम पुसला.

"गावात मेंदी लागलेली एकच सिरिंज होती, मावशीने वापरलेली. ती तुमच्या डब्यात पडली आणि तुमच्याच पाकिटातून परत आली. तुम्ही धुतलीत, कडा इस्त्रीने चिकटवल्यात. रक्त गेलं, मेंदी राहिली. मेंदी धुऊन जाते का, हे घरातल्या बाईला विचारायचं होतंत, डॉक्टर! आळ मावशीवर ढकलला की तुम्ही मोकळे!"

मुखियाने मागचा पडदा बाजूला ओढला. चाळणीवर सिरिंजा वाळत होत्या. शेजारी इस्त्री.

"चुकलं आमचं, बहीण," दवाखान्यात येऊन मुखिया कौसरला म्हणाला. "तुझी जागा तुझीच."

मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आपली बोटं बघत होती.

"टोचणारा हात तर माझाच होता गं," ती नवाराला म्हणाली. "सलमाच्या आजीला दिली, ती तरी कोरी होती का?"