मोजणीवाल्याचा खरा हात

तो खरं तर चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला निघाला होता. चष्मेवाला वरच्या मजल्यावर. हा एक मजला आधीच वळला आणि वाद्यदुरुस्तीच्या खोलीत येऊन उभा राहिला. चष्मा हातात, समोर सगळं धूसर.

"एवढी काडी बसवून द्याल का?" त्याने भिंतीवरच्या मेंडोलिनला विचारलं.

"तिला नाही जमायचं," टेबलामागून दुरुस्तीवाली मुलगी म्हणाली. "मला जमेल, पण मी काडीच्या जागी तार लावीन."

तो मोकळेपणाने हसला... आणि ती उगाचच नीट ठेवलेली अवजारं पुन्हा नीट ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, स्वारी परत हजर. नाकावर चष्मा, पाठीवर एवढीशी प्रवासी गिटार.

"हिच्या तारा फार उंच आहेत हो. दाबून दाबून बोटं सोलून निघतात. शनिवारी सकाळी मी जमीन मोजायच्या कामावर निघतोय, सहा महिने डोंगरात. तिकडे दुरुस्तीवाली कुठून आणू?"

"आणू नका. इथेच करून न्या. आधी नेहमी वाजवता तसं वाजवून दाखवा."

हा तिच्या मामांचा नियम. दुकान त्यांचं, धडे त्यांचेच. तारांची उंची ठरते वाजवणाऱ्याच्या हातावरून. हात हलका असेल तर तारा खुशाल खाली आणाव्यात. पण जोरात छेडणाऱ्याच्या तारा खाली आणल्या, की त्या गळ्यावरच्या फ्रेटना, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांना, आपटतात आणि खरखर सुरू होते.

मोजणीवाल्याने वाजवलं. इतकं हळू, की शेजारी बाळ झोपलंय असं वाटावं. 'किती नाजूक हात आहे!' तिला कौतुक वाटलं. तिने तारांखालची हाडाची पट्टी काढली, बुडाकडून घासली, तारा खाली आणल्या. तो खूश होऊन गेला.

बुधवारी परत आला. "खरखरतेय."

तिने एकेक फ्रेट वाजवून पाहिला. त्याने वाजवून पाहिलं. खरखरीचं नाव नाही! तरी तारा केसभर वर याव्यात म्हणून तिने गळ्यातली सळई पाव फेरा सैल केली.

गुरुवारी पुन्हा तेच. "घरी नुसती किरकिर करते हो, आणि तुमच्यासमोर अगदी शहाण्यासारखी वागते."

"दोनदा परत आली गिटार," आतल्या खोलीतून मामा म्हणाले. "आपल्या दुकानात असं कधी झालं नव्हतं."

तिला ते लागलं. त्याहून जास्त लाज याची वाटली, की गिटार परत आली म्हणून ती मनातून आनंदली होती. जिन्यात पाऊल वाजलं की तिचे कान टवकारायचे. आणि आता शुक्रवार उजाडला होता, तो पुन्हा गिटार घेऊन समोर बसला होता. आज जमलं नाही, तर हा माणूस डोंगरात बसून प्रत्येक खरखरीला आपली आठवण काढणार! अशी आठवण तिला नको होती. दुसरी हवी होती.

"तुम्ही वाजवत बसा," ती म्हणाली. "मी वरून चष्मेवाल्याचं भिंग घेऊन येते."

भिंग घेऊन उतरताना ती जिन्यातच थबकली. आत गिटार दणाणत होती. टाचेचा ठेका... वर मोकळा, भरदार गळा... आणि तारांची खरखर! ती कठड्याला धरून ऐकत राहिली. मग तिने दार ढकललं. गिटार लगेच बाळाला झोपवू लागली.

"थांबा. आत्ता कोण वाजवत होतं?"

"मी...च."

"मग मंगळवारपासून माझ्यासमोर कोण वाजवतंय?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तुम्ही समोर असलात की — छातीत धडधडतं. हात उचलतच नाही."

"अहो, मग मी तुमच्या घाबरलेल्या हाताला तारा लावून दिल्या! माझे तीन दिवस फुकट गेले."

"माझे नाही गेले," तो पटकन म्हणाला. "खरखर खरीच होती. पण ती ऐकली की मी इकडे धावत यायचो."

तिला हसू आवरेना. तिने नवी, थोडी उंच पट्टी बसवली, तारा सुरात आणल्या. "आता मघासारखं वाजवा. हवं तर मी पाठ करून बसते."

"नको. समोरच बसा."

त्याने श्वास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि तारांवर हात टाकला. खोली भरून गेली. गाणं संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, तारांकडे आपलं लक्षच नव्हतं. त्याला पुन्हा वाजवायला लावलं. खरखर कुठेच नव्हती.

"झालं का गं काम?" मामा आतून म्हणाले.

"अजून वेळ लागेल, मामा!" ती धडधडीत खोटं बोलली. मग हळूच त्याला म्हणाली, "तुमचा नंबर द्या."

त्याने सांगितला. बरोबर आहे ना पाहायला तिने लगेच फोन लावला. त्याच्या खिशात तो वाजला. दोघं हातभर अंतरावर, तरी त्याने उचलून कानाला लावला.

"हॅलो?"

"ऐक ना," ती फोनमध्ये म्हणाली. तोंडावर बोलण्यापेक्षा हे सोपं जात होतं. "तू मला आवडतोस. फार. आणि उद्या तू जाणार म्हणून मला रडू येतंय."

तो आणखी जवळ सरकला. फोन कानाला तसाच. "मलाही तू... आता सांग, मी उद्या जाऊ तरी कसा?"

"सकाळच्या गाडीने जा," आतून मामा ओरडले. "आणि सुट्टी मिळाली की सरळ इकडे ये. गिटार बिघडायची वाट बघू नकोस!"