समोरचा भिडू

फ्रीगंजमधलं ते चष्म्याचं दुकान आता दोन मजली झालं आहे. दार उघडलं की एसीची गार झुळूक येते, आणि नंबर काढायला मशीन आहे. केतकी तिथून जाताना अजूनही काचेतून आत डोकावते. पत्ते हातात धरून उभा असलेला माणूस तिथे दिसणार नाही हे ठाऊक असतं, तरीही.

तेव्हा दुकान एवढंसं होतं. अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नव्या चष्म्यावरून तिचा दुकानदाराशी वाद चालला होता. अक्का म्हणजे केतकीची आत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि पडताळा घेतल्याशिवाय कुठलंच उत्तर न मानणारी. "माताजी, नंबर बिल्कुल सही है," असं दुकानदार परोपरीने सांगत होता. भिंतीवरची अक्षरं वाचून अक्काला समाधान नव्हतं. तिने पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला आणि चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला थांबलेल्या एका तरुणाच्या हातात ठेवला.

"भैया, जरा उधर खड़े रहो. टेबल जितना दूर. हां... अब एक-एक दिखाओ."

केतकीला भिंतीत शिरावंसं वाटलं. तरुण मात्र निमूट जाऊन उभा राहिला. त्याचा स्वतःचा चष्मा दुकानदाराकडे होता. त्यामुळे प्रत्येक पत्ता तो आधी नाकाजवळ नेऊन बघे, आणि मग अक्काकडे वळवे.

"किलवरचा राजा," अक्का म्हणाली.

"इस्पिक आहे," तो मराठीत म्हणाला.

अक्काने विजयी मुद्रेने दुकानदाराकडे पाहिलं, आणि मग जरा वेगळ्या नजरेने त्या तरुणाकडे. नाव श्रेयस. मूळचा धारचा, इथे बँकेत नोकरी, माधव नगरात भाड्याची खोली. एवढं काढून घेऊन झाल्यावर तिने कामाचं विचारलं. पत्ते येतात का? दहला पकड़ येतो, घरी खेळायचो, असं तो म्हणाला.

"आमच्यात त्याला मेंढीकोट म्हणतात. रविवारी दुपारी या. आम्हीही माधव नगरातच असतो. चौथा हात नाहीये आमच्याकडे."

तो केतकीकडे वळला. डोळे बारीक करून, जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्या नजरेचा तिने पुढे आठवडाभर विचार केला. आणि बऱ्याच महिन्यांनी त्याने कबूल केलं, की चष्म्याशिवाय त्याला फक्त एक पिवळी ओढणी दिसली होती... बाकीचं बघायलाच तो रविवारी आला.

चौथा हात नव्हता, कारण आई नव्हती.

केतकीच्या लहानपणापासून रविवारची दुपार पत्त्यांची असे. जाळीच्या ओसरीत चौकोनी टेबल, चार वेताच्या खुर्च्या, मधे शेवेची वाटी. मेंढीकोट हा दोन विरुद्ध दोनचा खेळ. समोर बसतो तो आपला भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या ज्यांच्या हाती जास्त लागतील ते जिंकले. चारही लागल्या तर कोट. बाकी सगळं जगात खेळतात तसंच, पण या घराचा एक नियम जादा होता. नवरा-बायकोने एका बाजूने खेळायचं नाही.

तो नियम अक्काने केला होता, बापू आणि आईच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत. एका रविवारी एक हात आईच जिंकणार हे ठरलेलं असताना तिच्या भिडूने, म्हणजे बापूंनी, त्याच्यावर विनाकारण हुकूम मारला. आईने कारण विचारलं. बापूंनी दिलं. ते तिला पटलं नाही. भांडण स्वयंपाकघरापर्यंत गेलं, तव्यावरच्या पोळ्या करपल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस दोघांमधला सगळा व्यवहार अक्काच्या मार्फत चालला. "वहिनीला विचार, माझा मफलर कुठे आहे," असले निरोप पोचवून कंटाळल्यावर अक्काने फर्मान काढलं. तेव्हापासून बापूंच्या समोर अक्का, आणि आईच्या समोर जो असेल तो. केतकीला पत्ते हातात मावायला लागल्यावर केतकी.

आई चांगलं पान आलं की पायातली चप्पल काढून ठेवायची. ही खूण फक्त केतकीला माहीत होती.

आई गेली आणि टेबल भिंतीला लागलं. बापू रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झालेले, मुळातच मोजकं बोलणारे. रविवारी दुपारी ते खिडकीशी बसून सकाळचंच वर्तमानपत्र पुन्हा वाचत. केतकी फ्रीगंजमधल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे, गुडघे ती रोज हलते करत होती. घरी आल्यावर बापूंशी कुठून सुरुवात करायची, तेवढं तिला कळत नसे.

त्या पहिल्या रविवारी अक्काने टेबल पुन्हा मधे ओढलं. बापू म्हणाले, "तुम्ही खेळा. मी नाही."

श्रेयस पत्ते पिसायला लागला. इतकं वाईट पिसणं त्या ओसरीने कधी पाहिलं नसेल. पानं वाकडी जात होती, दोन खाली पडली, एक उलटं होऊन दिसलं. बापूंनी वर्तमानपत्र खाली केलं. पुन्हा वर केलं. तिसऱ्यांदा पानं सांडली तेव्हा ते उठले, टेबलाशी आले, आणि म्हणाले, "इकडे द्या."

पिसले, वाटले, आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसले. ज्याने वाटले त्याने खेळायचं नाही, असं कसं चालेल?

श्रेयस आईच्या खुर्चीत, केतकीच्या समोर बसला. तो तिला अहो-जाहो करत होता. पहिला डाव संपायच्या आत अक्काने ते बंद पाडलं. भिडूला कोणी 'अहो, उतारी करा' म्हणतं का?

मग रविवार येत राहिले. श्रेयस येताना कधी कचोरी आणी, कधी भुट्ट्याचा कीस. बापू हरले की उतारीपासूनचा सगळा डाव पुन्हा सांगून, कोण कुठे चुकलं ते समजावत. गुरुवार आला की ते सहज विचारल्यासारखं विचारत, "तो येणार आहे ना, बँकेवाला?"

श्रावणातल्या एका दुपारी केतकी चहा घेऊन बाहेर आली. पाऊस नुकताच थांबला होता, जाळीच्या प्रत्येक चौकोनात एकेक थेंब अडकला होता. बापू अजून उठले नव्हते. श्रेयस एकटाच टेबलाशी बसून पत्ते पिसत होता. पानं एका हातातून दुसऱ्या हातात सरसर जात होती, पंख्यासारखी उघडत होती, मिटत होती. एकही इकडचं तिकडे होत नव्हतं.

तिने ट्रे ठेवला. त्याचे हात थांबले.

"तुला पिसता येतं," ती म्हणाली.

"शिकलो... थोडं थोडं. बापूंचं बघून."

"खोटं."

तो हसला. मान खाली घालून, कॅटच्या कडा टेबलावर ठोकत म्हणाला, "त्या दिवशी ते पेपर वाचत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. म्हटलं, बघू या, किती वेळ सहन करतात."

"आणि हे मला कधी सांगणार होतास?"

"नव्हतोच सांगणार. तू बापूंना सांगशील ना."

"सांगू?"

"फिर मैं भी बता दूंगा," तो हळूच म्हणाला, "चांगलं पान आलं की तू चप्पल काढतेस."

केतकीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आईची सवय आपल्याला कधी लागली, तिला ठाऊकच नव्हतं. कोणी टेबलाखाली लक्ष ठेवून आहे, हेही नव्हतं. चहा निवत राहिला... आणि तिला आतून स्पष्ट कळलं, की आता हा माणूस नुसता चौथा हात राहिला नाही.

पण कळणं आणि बोलणं यांत फार अंतर होतं. बोलून फिसकटलं, तर तो यायचा बंद होईल. टेबल पुन्हा भिंतीला लागेल आणि बापू खिडकीशी. एवढ्या कष्टाने परत आलेला बापूंचा रविवार आपल्या एका वाक्यासाठी पणाला लावायचा? आणि जुळलंच, तरी घरातला नियम होताच की. समोरची खुर्ची जाणारच... या विचाराचं तिला हसू यायचं.

श्रेयसही बोलला नाही. कधी पानं देताना त्याची बोटं क्षणभर जास्त रेंगाळत. कधी जिंकल्यावर तो "आपण" म्हणे, तेव्हा पत्त्यांबद्दलच बोलतोय असं वाटत नसे. पण त्याच्या पुढे तो कधी गेला नाही.

थंडी सरता सरता त्याची बदली झाली. जबलपूर. बढतीची बदली होती, नाही म्हणण्यासारखी नव्हती. त्याने ते टेबलावरच, पत्ते वाटता वाटता सांगितलं. अक्काने अभिनंदन केलं. बापू बराच वेळ हातातली पानं लावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "थेट गाडी आहे जबलपूरला. रात्रीची." बस, एवढंच.

शेवटच्या रविवारी कोणाचंच मन खेळात नव्हतं. चहा गॅसवर ठेवून केतकी येऊन बसली. डाव निम्म्यावर आला. बापूंनी बदामाची उतारी केली. केतकीने बदामाचा एक्का टाकला. अक्काने तिरी टाकली. शेवटचं पान श्रेयसचं. हात केतकीचा झालाच होता. श्रेयसकडे बदाम नव्हतं, चौकटची दश्शी होती. ती निर्धास्त त्या हातावर टाकायची, मेंढी घरात. लहान पोरालाही कळलं असतं.

श्रेयसने हुकूम मारला. भिडूच्या एक्क्यावर.

पुढच्याच फेरीत अक्काने त्याची दश्शी उचलली. केतकीने हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली.

"एक्का माझा होता."

"दिसला नाही."

"एवढा लाल एक्का... दिसला नाही?"

"लक्ष नव्हतं, केतकी."

"जबलपूरला पोचलं असेल."

"नाही." तो प्रथमच जरा चढ्या आवाजात बोलला. "पुढच्या रविवारी इथे, तुझ्यासमोर कोण बसेल, त्याच्यात होतं. झालं समाधान?"

"मग हे इतके दिवस का नाही बोललास?"

"तू बोललीस?"

"मी कशी बोलणार होते? बोलले असते आणि तू आलाच नसतास, मग? इथे या टेबलाचं काय झालं असतं, तुला माहीत आहे?" तिचा आवाज फाटला. "आणि तू... एक्क्यावर हुकूम मारतोस."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. जळल्याचा वास ओसरीत आला. कोणी उठलं नाही. अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. जणू समोरचं दृश्य नीट बघण्यासाठीच तो चष्मा केला होता.

बापूंनी आपली पानं मिटली.

"श्रेयस, ऊठ. इकडे माझ्यासमोर ये. अक्का, तू त्याच्या जागी जा."

"का रे?" अक्काने विचारलं. तिला कळलं नव्हतं असं नाही.

"नियम आहे."



"बापू," केतकी खाली बघत म्हणाली, "तो नियम नवरा-बायकोचा आहे."

"कोणाचा आहे ते मला माहीत आहे. माझ्यामुळेच झालाय तो." बापूंनी करपल्या चहाच्या दिशेने मान वळवली आणि पुन्हा इकडे केली. "असं भांडण या टेबलावर मी एकदाच बघितलंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी बसल्या जागी बसा. माझी जबरदस्ती नाही."

श्रेयस उठला नाही. त्याने खुर्चीचे हात धरले होते, आईच्या खुर्चीचे. तो केतकीकडे बघत होता. चष्मा डोळ्यांवर होता, या वेळी त्याला सगळं दिसत होतं.

"रात्रीची गाडी आहे," तो म्हणाला. "शनिवारी बसलो की रविवारी सकाळी इथे. आणि पुढचं... पुढचं तू म्हणशील तसं." मग आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, "उठू?"

केतकीने हात लांबवला. त्याची पानं गोळा केली, कडा जुळवल्या, आणि उचलून बापूंच्या समोर, अक्काच्या जागी नेऊन ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली. "आणि बापूंच्या हातावर हुकूम मारू नकोस. ते नुसते भांडत नाहीत, पुढच्या रविवारपर्यंत समजावत बसतात."

अक्का कधीच उठून उभी राहिली होती. ती केतकीच्या समोर येऊन बसली आणि बसता बसता तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. केतकीच्या चपला बाजूला पडल्या होत्या.

बापूंनी तो डाव मोडला. चारही बाजूंची पानं ओढून घेतली, कॅट नीट केला आणि टेबलावरून आपल्या नव्या भिडूकडे सरकवला.

"पिस," ते म्हणाले. "आणि आता नीट पिस. तुला येतं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."