जास्तीचा भरडा

रस्ता चुकून ती गोठ्यात शिरली, तेव्हा तो ठमीच्या पोटाला कान लावून बसला होता. ठमी म्हणजे आत्याची लाडकी गाय. गोठा आत्याचा, राबायचं भाच्यानं.

"काय म्हणतेय?" जनावरांच्या नव्या डॉक्टरनं हसू दाबत विचारलं.

"जेवण बाधलं म्हणतेय..."

तिनं स्टेथोस्कोप त्याच्याच कानाला लावला. आत दमादमानं गुरगुर चालली होती. "कोट्यवधी बारीक जीव आहेत आत. चारा तेच पचवतात. त्यांनी संप केला तर कसलं दूध नि कसलं काय!" तिची बट त्याच्या खांद्यावर आली होती. अर्धं बोलणं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. गडी तिथेच गारद!

औषधाच्या निमित्तानं ती चार-पाचदा आली. मग एके दिवशी म्हणाली, "ठमी ठणठणीत आहे. आता माझं इथे काय काम?" म्हणाली आणि दारात जरा रेंगाळली. पण या पठ्ठ्याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ! दुसऱ्या सकाळी मात्र त्यानं अक्कल गहाण टाकली. ठमीचं पोट जरासंच बिघडावं म्हणून तिच्यापुढे भरडलेल्या धान्याचा, जास्तीचा भरडा ओतला. ठमीनं तो चाटूनपुसून फस्त केला.

दुपारी ठमी आडवी. आत्यानं फोन केला. डॉक्टर धावत आली, पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि तिचा चेहरा उतरला. "आवाजच नाही... पोटात आम्ल वाढलंय. आतले जीव मरताहेत." तिनं आधी औषध पाजलं. मग शेजारच्या धडधाकट गायीच्या पोटातला रस नळीनं काढला, थर्मासमध्ये कोमट ठेवला आणि ठमीच्या पोटात सोडला. एका गायीचे जीव दुसरीला उसने! ठमीचं तोंड त्यानं धरलं होतं आणि डॉक्टरची बोटं त्याच्या हातावर होती. एरवी तो हवेत तरंगला असता. आज त्याला स्वतःच्या हाताचीच लाज वाटत होती.

"चूक माझी आहे, आत्या," डॉक्टर हळूच म्हणाली. "माझंच औषध बाधलं असणार. दवाखान्यातल्या साहेबांना मी तसंच सांगणार आहे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर अलगद सुटला असता.

"तुमची नाही..." तो पुढे झाला. "भरडा मी घातला. मुद्दाम. तुम्ही परत यावं म्हणून—"

"अरे गाढवा!" आत्या कडाडली. "बोलवायचंच होतं तर तुला तोंड दिलंय ना? त्या मुक्या जिवाचं पोट कशाला नासवलंस?"

डॉक्टरनं त्याच्याकडे न बघता नळी धुवायला घेतली. तेच त्याला जास्त लागलं.

सकाळी ती आली तेव्हा ठमी उठून रवंथ करत होती. पोटात पुन्हा गुरगुर ऐकू आली. तिनं बॅग आवरली. तो फाटकापाशी मान खाली घालून उभा होता.

"आज मला तुमचं तोंडही बघायचं नाही," गाडीत बसत ती म्हणाली.

"बरोबरच आहे," तो पुटपुटला.

गाडी सुरू झाली... पण हलेना. काच खाली आली.

"परवा सुट्टी आहे मला," ती समोर बघतच म्हणाली. "तेव्हा बघेन."